अकरा पाती आणि मूठभर लोकर

म्हाळसाबाईला प्रश्न पडायचे, हा तिचा जन्मजात दोष. लहानपणी खुलताबादच्या वरच्या माळावर बापामागं मेंढरं वळताना ती मेंढरांपेक्षा आभाळाकडंच जास्त बघायची. निळ्या आभाळात एक पांढरी रेघ उमटत जायची, तिच्या टोकाला ठिपका चमकायचा आणि आवाज मागाहून कधीतरी यायचा. तिचा बाप कडूबा सांगायचा, की ते विमान आहे आणि ते लई लांब, समुद्रापल्याड जातं. दुसरी पोर एवढ्यावर गप्प बसली असती. म्हाळसा विचारायची, "मग मधी चारा-पाणी कुठं घेतं?"

मेंढरांच्या चाऱ्याबद्दल कडूबाला पार गोदाकाठापर्यंतची माहिती होती. कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारात तळ टाकायचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. विमानाच्या चाऱ्याचं मात्र त्याला सांगता येईना. "घेत असंल कुठंतरी," तो म्हणायचा, "तू आधी ती काळी मेंढी बघ, कपाशीत शिरली." प्रश्न तिथंच राहिला, आणि राहिला म्हणजे चांगला पस्तीस वर्षं राहिला.

त्या पस्तीस वर्षांत म्हाळसाचं लग्न होऊन ती म्हाळसाबाई झाली, माळावरून उतरून वाळूजला आली, रांजणगावात दोन खोल्यांचं घर झालं. नवरा एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला आणि ती स्वतः एमआयडीसीत नानासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये. नानासाहेब सिल्लोडकडच्या मोठ्या शेतकरी घरातले. भावांनी मक्या-कापसाची आडत धरली आणि यांनी सगळ्यांशी भांडून लेथ घेतलं, त्यालाही आता तीस वर्षं झाली होती. वर्कशॉपमध्ये मोटारसायकलींचे लोखंडी ब्रॅकेट बनायचे. धातू कापला की त्याच्या कडेला कुसळासारखी बारीक काडी उभी राहते, तिला तिथं बर म्हणतात. कानस फिरवून बर काढायची आणि ब्रॅकेट पुढं सरकवायचा, हे म्हाळसाबाईनं बारा वर्षं केलं. ब्रॅकेटबद्दल विचारण्यासारखं काही नसतं, म्हणून ती बारा वर्षं तशी शांततेत गेली.

मग काकासाहेब आले. हे वयानं चौतीस, कन्नडच्या शेतकऱ्याचा मुलगा; पण आजीनं नावच असं ठेवलं होतं, की शाळेत मास्तरांनाही त्यांना आदरानं हाक मारावी लागे, तिथं आपली काय कथा. ते बंगळूरला विमानाची इंजिनं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत होते. न थांबता पंधरा-सोळा तास उडणाऱ्या विमानांसाठी कमी इंधन पिणारं नवं जेट इंजिन तयार करायचं होतं. ते पुरं व्हायला अजून कैक वर्षं होती. सध्या फक्त चाचणीसाठी पाती हवी होती आणि ती तीन वेगवेगळ्या वर्कशॉपकडून करून घेऊन काकासाहेब ताडून बघणार होते. त्यातलं एक नानासाहेबांचं. आपल्या भागाला संधी द्यावी हा त्यामागचा विचार, आणि आपल्या भागाच्या लोकांनी आपली मान खाली घालायला लावू नये ही धास्ती, अशी दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

त्यांनी कडा साफ करणाऱ्या पाच जणांना बोलावलं आणि टेबलावर वीतभर लांबीचं एक पातं ठेवलं. किंचित पिळलेलं, पातळ, हातात धरलं तर वजनच लागू नये असं. "अशी शेकडो पाती इंजिनाच्या पुढच्या भागात गरगर फिरतात," ते म्हणाले, "हवा आत ओढतात आणि दाबत दाबत मागं देतात. याची ही पुढची कड. हिला शेवटचा हात कसा द्याल?"

चौघे एका सुरात म्हणाले, की धार लावू, म्हणजे वारा कापला जाईल. काकासाहेबांनी मान हलवली. धार नको होती. कड गोलसर हवी होती, तीही साधी गोल नव्हे, अंड्याच्या निमुळत्या टोकासारखी. चौघांनी बरं म्हटलं. म्हाळसाबाईला बरं म्हणवेना.

"धार का नको?" तिनं विचारलं.

नानासाहेबांनी डोळ्यांनी दटावलं. काकासाहेब मात्र खुर्ची ओढून बसले. "वारा नेहमी समोरूनच येतो असं नाही, बाई. कधी जरा डावीकडून, कधी उजवीकडून. धारेला तिरका येऊन भिडला की तो पलीकडं गेल्यावर पात्याला सोडतो, तिथं भोवरे करतो. मग तेवढीच हवा ढकलायला इंजिनाला जास्त जाळावं लागतं. गोलसर कडेवरून तो दोन्ही बाजूंनी सरळ वाटेला लागतो."

म्हाळसाबाईनं पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "मेंढरांचंबी तसंच हाय," ती म्हणाली. "वाटंत गोल धोंडा आला तर कळप दोहीकडनं गपचिप जातो आन् म्होरं एक होतो. काटेरी कुपाचं टोक आलं, की बिचकतो. निम्मी इकडं, निम्मी तिकडं, मंग सांजपतुर गोळा करत बसा."

काकासाहेब हसले, आणि जाता जाता नानासाहेबांना म्हणाले, की पाती या बाईंकडं द्या.

असं ते काम तिच्याकडं आलं. तिला वेगळी खोली मिळाली, पांढरा दिवा मिळाला, निळा कोट मिळाला. घासायचे कागद इतके तलम, की बोटाला कागद लागतो की कापड ते कळू नये. भिंतीवर एक बोर्ड होता: टेबलावर बाहेरची कोणतीही वस्तू आणू नये. म्हाळसाबाईनं तो वाचला होता. चौथीपर्यंत शिकली होती ती, आणि त्या चौथीचा तिला अभिमान होता.

तरी तिच्या कमरेच्या बटव्यात एक बाहेरची वस्तू होती. मूठभर लोकर, कडूबाच्या मेंढरांची, कातरली तशीच. ब्रॅकेटच्या दिवसांपासून ती बटव्यात असे. बोटाला न कळणारं कुसळ लोकरीला कळतं, हे तिला माळावरच ठाऊक झालं होतं. बाभळीच्या खोडावर, तारेच्या कुंपणावर, जिथं कुठं बारीकसं काही उभं असेल तिथं मेंढराची लोकर अडकून राहतेच. एखादं पातं तिच्या नजरेला साफ दिसे, पण मन म्हणे, काहीतरी आहे. मग ती लोकरीची बट काढायची, कडेवरून अलगद फिरवायची. एखादा केस अडकला की तिथं कागद पुन्हा चालवायचा. अडकला नाही की पातं पुढं. यात काही चूक आहे असं तिला वाटलंच नाही. बोर्ड हा खाण्याच्या डब्यांबद्दल आणि तंबाखूबद्दल असतो अशी वर्कशॉपमध्ये सगळ्यांचीच समजूत होती.

चोवीस पाती तयार झाली. रामकिसननं ती मोजली. तपासणी आणि धुलाई, दोन्ही त्याच्याकडं होतं. त्याचं मोजायचं यंत्र सुईनं पात्याला ठरलेल्या जागी टोचून बघे, आणि त्या यंत्रावर त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. सगळी बरोबर निघाली. त्यानं ती धुतली, गुंडाळली आणि लेप द्यायला बाहेर पाठवली. आभाळातली धूळ लागून पाती खडबडीत होऊ नयेत, वर्षानुवर्षं गुळगुळीत राहावीत, म्हणून त्यांच्यावर केसापेक्षाही पातळ, कठीण लेप चढवतात. काकासाहेबांच्या डिझाइनचा तो अर्धा जीव होता.

महिन्याभरानं चोवीसपैकी अकरा पाती परत आली. लेप त्यांच्यावर चढला होता, पण एका पट्टीवर धरलाच नव्हता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की पात्यावर काहीतरी स्निग्ध पदार्थ राहिला आहे, धुलाई नीट झालेली नाही.

नानासाहेब रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, फक्त त्यांचं "तुम्ही" जास्त जास्त "तुम्ही" होत जाई. "रामकिसन, तुम्ही बघितलं होतं ना? तुम्हीच धुतली ना?" असं ते दिवसातून तीनदा विचारू लागले. रामकिसननं साबण बदलला, पाणी बदललं, हातमोजे बदलले. दोन रात्री त्याला झोप नव्हती असं त्याची बायको बस स्टॉपवर सांगत होती. त्यात बंगळूरहून निरोप आला: काकासाहेब गुरुवारी स्वतः येतील. कारण सापडलं तर ठीक, नाही तर हे काम उरलेल्या दोन वर्कशॉपकडं जाईल. म्हणजे पांढरा दिवा बंद, खोली बंद आणि म्हाळसाबाई परत ब्रॅकेटवर. नानासाहेबांनी रामकिसनपुढं आणखी एक गोष्ट ठेवली. काम गेलं तर धुलाईचा माणूसही बदलावा लागेल.

म्हाळसाबाईला रामकिसनची दया आली, पण खरं सांगायचं तर दयेपेक्षा तिला कुतूहलच जास्त होतं. तिनं त्याच्याकडून ती अकरा पाती मागून घेतली आणि दिव्याखाली ओळीनं मांडली.

"ताई, कशाला बघता? दोष धुलाईचाय म्हणतेत," रामकिसन म्हणाला.

"धुलाईचा असता तर चोवीसच्या चोवीस बिघडली असती. धुताना तू समदी एकाच टोपल्यात टाकतो ना?"

"व्हय."

"मग तेराच का वाचली?"

ती पुन्हा पात्यांवर वाकली. न धरलेली पट्टी प्रत्येक पात्यावर एकाच जागी होती: पुढच्या कडेलगत, टोकापासून सुरू झालेली, अंगठ्याएवढी रुंद, आणि मागं जाता जाता फिकट होत गेलेली. माळावर पावलांवरून कुणाची मेंढी कुठं गेली हे सांगणारी ती बाई. पट्टी कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते तिला वाचता आलं. कुणीतरी उजव्या हातानं, टोकापासून आपल्याकडं, काहीतरी ओढलं होतं. मग तिनं पात्यांच्या बुडाला कोरलेले आकडे वाचले. तीन, सात, आठ, बारा. बाराव्या पात्यानं तिला दीड दिवस छळलं होतं. सात आणि आठ तिनं पुन्हा पुन्हा तपासली होती. सगळी अकराच्या अकरा तिच्या शंकेची पाती होती.

तिनं पाती गोळा करून रामकिसनच्या हातात दिली आणि म्हणाली, "काय कळंना बाबा." बारा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

खरं म्हणजे तिला अजून सगळं कळलंही नव्हतं. लोकर तर कोरडी असते. कोरडी लोकर धातूला काय करणार? आणि केलं तरी ते धुतल्यावर जाणार नाही?

रविवारी ती खुलताबादची बस धरून माहेरी गेली. दिवाळी होऊन गेली होती आणि माळावर कातरणी चालू होती. कडूबा पंचाहत्तरीला आलेला, पण मेंढरू दोन गुडघ्यांत धरून कातर चालवताना त्याचा हात अजून हलत नव्हता. कातरलेली लोकर त्यानं एका फडक्यावर रचली, फडकं भरलं तसं उचललं आणि शेजारच्या वगळीत, पाण्यानं कोरलेल्या घळीत, नेऊन ओतलं. वगळीत आधीच्या सालाची लोकर पावसानं काळी पडून तशीच होती.

"आबा, औंदाबी कुणी आलं नाय?"

"कोन येतंय? चार सालं झाली. घोंगड्या कुनाला नको, लोकर कुनाला नको. नाय कातरावी तर मेंढराला किडे व्हतेत." तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला, आणि त्या साधेपणाचाच म्हाळसाबाईला त्रास झाला. याच लोकरीसाठी व्यापारी तळावर येऊन तिच्या बापाला चहाला बोलवायचे, हे तिनं बघितलं होतं.

कडूबानं कातर बादलीत बुडवून काढली, पुसायला त्याच लोकरीची एक बट उचलली आणि पात्यांवरून दोनदा फिरवली. जन्मभर तो असंच करत आला होता आणि जन्मभर तिनं ते बघितलं होतं. आज ती पुढं वाकली.

"पुन्यांदा पान्यात घाला बरं."

"काय झालं?"

"घाला तर."

त्यानं कातर पुन्हा बुडवून वर काढली. पाणी पात्यावर पसरलं नाही. त्याचे गोल थेंब झाले, घरंगळले आणि पातं जवळजवळ कोरडं राहिलं.

"हे असं का व्हतं, आबा?"

"लोकरीचं तेल हाय ते. त्यानं गंज धरत नाय. माझा आजाबी असाच पुसायचा."

"धुतलं तर जातं का?"

"गार पान्यानं? जन्मात नाय," कडूबा म्हणाला. "तुझी माय घोंगडीची लोकर ऊन पान्यात कशाला भिजवायची मग?"

रामकिसन पाती गार पाण्यानं धुवायचा. मशीनचं तेल त्यानं निघतं आणि आजवर दुसरं कुठलं तेल त्याच्यापुढं आलंच नव्हतं. म्हाळसाबाई तिथंच मातीत बसली. तिला आधी आनंद झाला, अगदी लहानपणी हरवलेली मेंढी सापडल्यावर व्हायचा तसा. आणि लगेच भीती वाटली. चोर सापडला होता आणि तो तीच होती.

परतीच्या बसमध्ये तिनं मनाशी हिशेब मांडून बघितला. गप्प बसणं सोपं होतं. उद्यापासून लोकर बंद केली, की पुढची पाती चांगली येणार आणि कुणाला कधी काही कळणार नाही. फक्त मागच्या अकरांचा ठपका रामकिसनच्या माथी राहणार. आणि पुढच्या पात्यांवर कुसळ राहिलं, तर ते आता कुणालाच दिसणार नाही. आभाळातल्या रेघेच्या टोकाला, समुद्राच्या वर, ते कुसळ गरगर फिरत राहणार. हे दुसरं तिला पहिल्यापेक्षा कमी छळत नव्हतं.

गुरुवारी नानासाहेबांच्या केबिनमध्ये काकासाहेब बसले होते. रामकिसन हातात कागद घेऊन उभा होता. म्हाळसाबाई न विचारता आत आली. तिच्या एका हातात दोन कोरी, लेप न दिलेली पाती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"ह्याचा काय दोष नाय," तिनं रामकिसनकडं हनुवटी केली. मग बटव्यातली लोकर काढून टेबलावर ठेवली, एका पात्यावरून ती फिरवली, दुसरं तसंच ठेवलं आणि दोन्हींवर पेल्यातलं पाणी सोडलं. तसंच ठेवलेल्या पात्यावर पाणी सगळीकडं सारखं पसरलं. लोकर फिरवलेल्यावर अंगठ्याएवढ्या पट्टीत त्याचे थेंब थेंब झाले.

काकासाहेबांनी परत आलेल्यांपैकी एक पातं शेजारी धरलं. पट्टी तीच होती.

"म्हाळसाबाई," नानासाहेब म्हणाले, "तुम्हाला बोर्ड वाचता येतो ना?"

"येतो."

"तुम्ही रोज वाचत होता?"

"व्हय."

"मग?"

"मग काय नाय, नाना. गलती माझी हाय. लई मोठी हाय. पन ह्याला काढू नगा."

नानासाहेबांनी चष्मा काढला. त्यांना राग आला होता आणि तो योग्यच होता. तीस वर्षांत त्यांच्याकडं पहिल्यांदा विमानाचं काम आलं होतं आणि ते एका मेंढीनं घालवलं, असं त्यांना गावाकडच्या भावांना सांगावं लागणार होतं.

काकासाहेबांचं लक्ष मात्र लोकरीवर होतं. "अकराच का, बाई?"

"ज्याच्यावर शंका व्हती त्याच्यावरच फिरवली."

"आणि शंका खरी निघाली?"

"आठांवर कुसळ घावलं. काढलं. तिनांवर काय नव्हतं, उगंच शंका."

"पण ती आठ कुसळासकट मशीननं पास केली असती," रामकिसन पहिल्यांदाच बोलला. मग स्वतःच थांबला. त्याची सुई ठरलेल्या जागीच टोचते. दोन जागांच्या मध्ये काय आहे ते तिला कळायचं कारण नव्हतं. "मी पाणी तापवतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

ऊन पाणी आणि साबणानं धुतल्यावर लोकर फिरवलेल्या पात्यावरही पाणी सारखं पसरलं. कारण सापडलं होतं. पण नियम मोडला होता आणि आठ दिवसांचं काम भंगारात गेलं होतं, तेही खरंच होतं. "मला हे सगळं जसंच्या तसं बंगळूरला सांगावं लागेल," काकासाहेब म्हणाले. "तिथं काय ठरेल ते आज मी सांगू शकत नाही." जाताना त्यांनी लोकर एका पिशवीत घालून नेली. म्हाळसाबाईला नानासाहेबांनी ब्रॅकेटवर पाठवलं. पांढऱ्या दिव्याच्या खोलीला कुलूप लागलं.

तीन आठवडे ती कानस चालवत राहिली. तिला कुणी टाकून बोललं नाही, उलट रामकिसन रोज दुपारी तिच्याशेजारी डबा खायला येऊ लागला आणि कुलपाच्या खोलीची दुसरी किल्ली आपल्याकडं आहे हे हळूच सांगून गेला. तो तिथं प्रयोग करून काकासाहेबांना कळवत होता. सुती कापड फिरवून बघितलं, त्याचे धागेच पात्यावर राहिले. बायकोचा नायलॉनचा मोजा फिरवला, तो मोठ्या कुसळाला अडकला आणि बारक्यावरून निसटला. ऊन पाण्यात रिठ्यानं धुतलेली लोकर फिरवली. ती अडकली आणि पाठीमागं काहीही सोडून गेली नाही. "ताई, तुमची मेंढी माझ्या मशीनपेक्षा हुशार निघाली," तो म्हणाला. एरवी अशा बोलण्यावर तिनं त्याला दहा प्रश्न विचारले असते. आता तिनं नुसती भाकरी मोडली. ब्रॅकेटवर बसून विमानाबद्दल विचारायचं कशाला, असं तिला वाटू लागलं होतं. विचारण्यासारखं असूनही न विचारलेले दिवस तिच्या आयुष्यात आले ते हेच.

चौथ्या सोमवारी नानासाहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. हातात काही कागद होते. "वाचा," ते म्हणाले. "तुम्हाला वाचता येतं."

तिला सगळं वाचता आलं नाही, म्हणून त्यांनीच सांगितलं. लेप नीट धरलेली तेरा पाती वाऱ्याच्या चाचणीत तिन्ही वर्कशॉपमध्ये सगळ्यात एकसारखी निघाली होती. अकरा पुन्हा करायची होती. आणि कामाच्या पद्धतीच्या कागदात दोन नव्या ओळी आल्या होत्या: प्रत्येक पात्याची कड धुतलेल्या लोकरीनं तपासावी, आणि नंतर पातं ऊन पाण्यानं धुवावं. "प्रत्येक, म्हणजे तुमच्या शंकेचीच नव्हे," नानासाहेब म्हणाले. "आणि बोर्ड तिथंच राहणार आहे. आता लोकर ही बाहेरची वस्तू नाही, एवढाच फरक." त्यांनी कुलपाची किल्ली ब्रॅकेटच्या ढिगावर ठेवली. ती घेताना म्हाळसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

उरला तो शेवटचा कागद. विमानाच्या कामात लागणारी प्रत्येक वस्तू कुठून आली ते लिहून ठेवावं लागतं, सुईपासून साबणापर्यंत. लोकरीलाही त्यातून सुटका नव्हती. तो कागद घेऊन म्हाळसाबाई रविवारी माळावर गेली.

कडूबा बाभळीखाली बसला होता. "आबा, लोकर पायजे," ती म्हणाली.

"ने की. वगळीत रग्गड पडलीय."

"वगळीतली नाय. आज कातरलेली. आन् ह्या कागदावर तुमचं नाव पायजे. माल कुनाचा, कुठला, ते लिवायचंय."

कडूबानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "कुनाला पायजे?"

"विमानाच्या इंजनाला."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. ती चेष्टा करतेय का, ते त्यानं नीट निरखून घेतलं. "इमान काय घोंगडी पांघरून उडतंय व्हय?"

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. कड, वारा, कुसळ, ऊन पाणी. शेवटी म्हणाली, "मी तुमाला इचारायची ना, एवढ्या लांब जातं तर मधी चारा-पाणी कुठं घेतं? ते मधी कुठंच घेत नाय, आबा. जाताना पोटात घेऊन जातं तेवढंच. म्हून ते कमी खानारं करावं लागतं. त्याच्यासाठी आपली लोकर पायजे."

कडूबाची नजर एकदा वगळीकडं गेली आणि परत आली. त्यानं म्हाळसाबाईनं दाखवलेल्या जागी अंगठा उठवला, शाई लागलेला अंगठा धोतराला पुसला आणि विचारलं, "मेंढराचं नावबी लिवायचं का?"

"खेपेचा नंबर मागितलाय. तिथं लिवू."

कडूबा उठला. समोर आलेली पहिली मेंढी त्यानं सोडून दिली, दुसरीच्या पाठीत बोटं घालून बघितली आणि तीही सोडली. कळपात शिरून एक राखी मेंढी त्यानं मानेला धरून बाहेर आणली. "भुरी लिव," तो म्हणाला. "हिची मऊ हाय."

त्यानं भुरीला गुडघ्यांत धरलं. कातर बादलीत बुडवून काढली, पुसायला सवयीनं लोकरीची बट उचलली आणि हात तसाच थांबवला. "म्हाळसा," त्यानं विचारलं, "आता ही पुसू का नको?"

"पुसा की, आबा," ती म्हणाली. "आमी ऊन पान्यानं धुतो."